पालथ्या शिंपल्यांचं बेट

एका राज्यात एकदा दही लागेनासं झालं. हसू नका. ज्या घरात सकाळचं ताक नाही, त्या घराला विचारा हसू येतं का.

संध्याकाळी विरजण लावावं, सकाळी झाकण काढून पाहावं, तर दूध ते दूधच. मग एकेक गोष्ट लोकांच्या ध्यानात येऊ लागली. जाईच्या कळ्या कळ्याच राहिल्या. गाभण गाई गाभणच राहिल्या. कुंभारवाड्यात तुळसा नावाची बाई बाळंतपणाच्या कळा देत होती, ती देतच राहिली. मूलही बाहेर येईना, जीवही जाईना. तिचं कण्हणं राजवाड्याच्या गच्चीपर्यंत ऐकू येई. सूर्य उगवे, सूर्य मावळे, पण कशाचं काही होईना.

एकटा राजा कनककेत तेवढा खूश होता. रोज आरशात पाही. मिशीत एक पांढरा केस होता, त्याला जोडीदार म्हणून मिळाला नाही.

या राजाला दोन मुलं. थोरली रत्नकळा, धाकटा सोमकेत. आई लवकर गेली, म्हणून सोमूला रत्नकळेनेच लहानाचं मोठं केलं. राजघराण्याची रीत अशी, की जेवायला बसलं की पानाभोवती पाणी फिरवायचं आणि देवांच्या नावाने चित्राहुती घालायच्या, भाताची चिमूट चिमूट शितं. सोमू त्यात आपली भर घाली. पानाच्या उजव्या अंगाला एक घास काढी आणि त्याच्यावर वाटी पालथी घाली. "हा ताईचा. झाकला नाही तर काऊ नेईल." ताई शेजारीच बसलेली, तिचं पान वाढलेलं, तरीही! पुरोहित कपाळाला हात लावी. सोमू ऐकतो थोडाच! जेवण झालं की हात तसाच उष्टा ठेवून बसून राही. ताईने वाटी उचलावी, घास खावा, मगच स्वारी पानावरून उठे.

मिसरूड फुटायची वेळ आली तरी पोराने ही खोड सोडली नाही. आणि एके सकाळी त्याची जागा रिकामी दिसली.

"महाराज, सोमू कुठे?" रत्नकळेने विचारलं.

"गुरुगृही पाठवला आहे," राजा म्हणाला आणि आरशाकडे वळला.

रत्नकळेने विश्वास ठेवला. बाप खोटं बोलेल असं कुठल्या लेकीच्या मनात येतं? पण त्याच दिवसापासून दही लागेना. तिने दोन्ही गोष्टी मनाशी जोडल्या.

राजवाड्यात एक साळुंकी होती, माणसासारखी बोलणारी. ती खिडकीत येऊन बसली. "राजकन्ये, माझा नरही त्याच सकाळपासून नाही. माझं सगळं गोत नाही. समुद्रकाठी ओघनाथाची गुहा आहे. तिकडे चल."

ओघनाथ हा राजाचा मांत्रिक. दोघी गेल्या, तर हा गुहेत गालाला फडकं बांधून विव्हळत पडलेला.

"ओघनाथा, माझा भाऊ कुठे आहे?"

"राजकन्ये, आधी माझा दात काढ."

तिने दाताला दोरा बांधून ओढला. दात हलला, पण निघाला नाही.

"पाहिलंस? हलतो, पडत नाही. त्या दिवशी दुखत होता, तो दुखतोच आहे. माझंच कर्म मला भोवलं." आणि त्याने सगळं ओकून टाकलं.

कोण्या ज्योतिष्याने राजाला सांगितलं होतं, 'तुझा मुलगा मोठा झाला की तुझ्या गादीवर बसेल.' अहो, मुलगा मोठा झाला की गादीवर बसायचाच, त्याला ज्योतिषी कशाला लागतो? पण राजाचं डोकं फिरलं. ओघनाथाला म्हणाला, काळ थांबव. ओघनाथ म्हणाला, काळ थांबत नाही महाराज, दुसरीकडे ओतता मात्र येतो. मग भर समुद्रात, जिथून कोणी येऊ नये आणि जिथे कोणी जाऊ नये, अशा तीन बेटांवर त्याने या राज्याचा सगळा काळ ओतला. मुलालाही जहाजात घालून तिकडेच धाडलं. बापाची काळजी तरी केवढी! स्वारीला हत्ती दिले, गाणं ऐकायला साळुंक्या दिल्या, सेवेला माणसं दिली, वाटेत खायला लाडू बांधून दिले. लाडू! पहिल्या बेटावर हत्ती उतरवले, दुसऱ्यावर पाखरं, तिसऱ्यावर सोमू आणि माणसं.

"इथे दिवा लावून विझवेपर्यंत," ओघनाथ म्हणाला, "तिथे माणसाचा एक जन्म सरतो."

"मग सोमू?"

ओघनाथाने गाल धरला आणि मान खाली घातली. रत्नकळेने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं, पण तिने ते कळू दिलं नाही. कुठेतरी काहीतरी सोमूचं उरलं असेल, एवढंच तिने धरून ठेवलं. इतक्यात वाऱ्यावरून तुळसेचं कण्हणं आलं.

"हे उलटवायचं कसं?"

"तीन बेटं, तीन गाठी. जहाजातून जे गेलं, त्यातलं न बदललेलं असं एकेक प्रत्येक बेटावर शोध आणि पदराला गाठ मार. खरं असेल तर गाठ बसेल, खोटं असेल तर आपोआप सुटेल. तिन्ही गाठी राजापुढे सोडल्यास की काळ घरी येईल. या तीन पणत्या घे, बेटाला एक. पणती जळते तोवर बेटाचा काळ तुझ्या पावलाने चालेल. विझली, तर तू त्या बेटाची झालीस."

"तूच का जात नाहीस?"

"ज्याची तिकडे कोणी वाट पाहतं, त्यालाच ते बेट काठाला लागू देतं. माझी वाट कोण पाहणार?"

रत्नकळा गुहेपाशी बांधलेल्या होडीत बसली. साळुंकी तिच्या खांद्यावर बसली. होडी आपसूक चालू लागली. मागचा किनारा दिसेनासा झाला, पुढचा दिसत नव्हता, आणि पाण्याला आवाज नव्हता.

पहिलं बेट लागलं. नुसता कातळ, मधे थोडं खुरटं गवत. रत्नकळेने पणती लावली आणि पाऊल टाकलं. गवतात काही हललं. तिला वाटलं, शेळ्या. जवळ गेली, तर हत्ती! शेळीएवढे हत्ती. पूर्ण वाढलेले, सुळे असलेले, कपाळावर सुरकुत्या पडलेले म्हातारे हत्ती, आणि तिच्या कमरेच्या वर एकही नाही. डोळे तेवढे मोठ्या हत्तीचे होते. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"यांच्यावर कोणी मंत्र टाकला?" ती कुजबुजली.

"कोणी नाही," साळुंकी म्हणाली. "चारा बघ केवढासा. मोठ्याचं पोट भरेना, तो मेला. लहानखुरा होता तो तगला, त्याची पोरं लहानखुरी. त्यांतही जो लहान, तो तगला. बेट निवडतं, राजकन्ये. कुणाला विचारत नाही."

रत्नकळेला वाटलं, मंत्र असता तर उतरवता आला असता.

"सोंड तरी तीच आहे," असं म्हणून तिने घाईने गाठ मारली. गाठ आपोआप सुटली. नीट पाहिलं, तर सोंड बोटासारखी बारीक होऊन लांबली होती. कातळाच्या फटीत घालून ते खेकडे ओढून काढत होते. हत्ती, आणि खेकडे खातात! एकाने तिच्यासमोर खेकडा कडाकड चावला.

कान पाहिले, कान आखूड. पाय पाहिले, पाय बकरीचे. पणतीतलं तेल उतरत चाललं. तेवढ्यात कळप कड्यावरच्या अरुंद वाटेने निघाला. एक पिल्लू, मांजराएवढं, मागे राहिलं होतं. ते धावत गेलं आणि त्याने सोंडेने आईचं शेपूट धरलं. आई थांबली, मग सावकाश चालू लागली.

रत्नकळेला घरचा हत्तीखाना आठवला. हत्ती नदीवर निघाले की पिल्लं अशीच शेपूट धरून चालत, आणि सोमू त्यांच्या मागे तिचा पदर धरून. तिने गाठ मारली. गाठ बसली.

दुसऱ्या बेटावर झाडं होती, फळं होती, आणि जमिनीवर बदकाएवढी गुबगुबीत पाखरं चालत होती. नवी पणती लावून ती उतरली, तशी ती सगळी तिच्याकडे आली. एक तिच्या पायावर बसलं. एकाने तिच्या बोटाला चोच लावून पाहिलं. तिने हात उगारून पाहिला, तरी कोणी हललं नाही. भीती म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पाखराने माणसाला भ्यावं, यातच जगाची काही रीत आहे. न भिणारं पाखरू अंगावर आलं की माणसालाच भीती वाटते.

साळुंकी खांद्यावरून खाली उतरली. तिने आपल्या बोलीत हाक मारली. पाखरांनी माना वळवल्या आणि घशातून नुसतं खर्र खर्र केलं.

"ही माझी माणसं," साळुंकी म्हणाली. "डोळ्याभोवतीचा पिवळा रंग बघ. ही माझ्या नराची लेकरं, आणि मला ओळखत नाहीत."

"यांचे पंख?"

साळुंकीने एकाच्या कुशीत चोच घातली. विड्याच्या पानाएवढा पंख होता. "इथे मांजर नाही, साप नाही, ससाणा नाही. उडून जायचं कोणापासून? जो उडाला त्याला वाऱ्याने समुद्रात नेलं. जो बसून राहिला त्याने अंडी घातली."

रत्नकळेने चोच पाहिली. ती अडकित्त्यासारखी जाड झाली होती. गाठ सुटली. नखं पाहिली, गाठ सुटली. गाणं तर उरलंच नव्हतं. पणती अर्ध्यावर आली. पोटं भरलेली पाखरं एकेक करून जागच्या जागी पेंगू लागली.

"थांब," साळुंकी म्हणाली.  "बघ. झोपताना बघ."

प्रत्येक पाखराने मान मागे वळवली आणि चोच त्या विड्याच्या पानाएवढ्या पंखाखाली खुपसली. चोच मावत नव्हती, तरी खुपसली. उडायला पंख उरला नव्हता, पण झोपायला उरला होता.

"तोही असाच झोपायचा," साळुंकी म्हणाली.

रत्नकळेने दुसरी गाठ मारली. गाठ बसली. साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, मी इथेच राहते. त्यांना मी कळले नाही तरी मला ते कळतात." रत्नकळा तिला समजावत राहिली, रागावली, रडली. पण पाखरू आपल्या लेकरांत जाऊन बसलं होतं, आणि पणती मिणमिणत होती. ती एकटीच होडीत चढली.

तिसरं बेट आधी ऐकू आलं, मग दिसलं. होडी काठाला घासली आणि खाली करकर वाजलं. सगळा किनारा शिंपल्यांचा होता. वाळू नव्हतीच. शिंपले, सगळे पालथे, एकाला एक लागून, ओळीने. काठापासून वर चढत गेलेले, पुढे टेकडी झालेले. 'समुद्राने रचले असतील,' तिने मनात म्हटलं. पण समुद्र असे एकजात पालथे रचत नाही, हेही तिला कळत होतं. तिने शेवटची पणती लावली आणि त्या शिंपल्यांवरून कडकड आवाज करत चालू लागली.

"सोमू!" तिने हाक मारली. "अरे सोमू, मी आले!"

टेकडीतल्या गुहांतून ती आली. माणसंच ती. तिच्या कमरेएवढी, पांढुरकी, केस नसलेली. डोळे एवढे मोठे, की चेहऱ्यावर दुसऱ्या कशाला जागा नव्हती. बोटं लांब, आणि दोन बोटांच्या मधे बेडकाच्या पायासारखा कातडीचा पडदा. या बेटावर वारा सुटला की उघड्यावरचं सगळं समुद्रात जाई. ज्यांना अंधारात दिसलं आणि पाण्यात पोहता आलं, ती उरली होती. तोंडातून शब्द नाही, नुसती नाकातून शीळ.

रत्नकळा मागे सरली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती गुडघ्यावर बसली. एकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने पाहिला. सोमूच्या हनुवटीला खळी होती. इथे हनुवटीच नव्हती. मानेवरचा तीळ शोधला. कानाची पाळी शोधली. कुठे काही नाही. "हसा रे, जरा हसा," ती विनवू लागली. एकाने ओठ फाकवले. तिने गाठ मारली, आणि गाठ सुटली. ते हसणं नव्हतं, तो दम लागला होता.

"माझ्या सोमूचं तुम्ही काहीच ठेवलं नाही?" ती ओरडली. त्यांनी मोठे डोळे मिटले आणि उघडले. पणतीच्या तळाशी तेल दिसेना. तिच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. पाहिलं, तर तिथे कातडीचा पातळ पडदा धरू लागला होता.

आता निघावं, नाहीतर इथलीच होऊन जावं. तिला दोन्ही नकोसं झालं. ती मटकन खाली बसली.

त्या लोकांची जेवायची वेळ झाली असावी. ती सगळी रांगेत बसली, कातळावर कालवं फोडून ठेवली. आणि खाण्याआधी प्रत्येकाने, म्हाताऱ्याने, बाईने, एवढ्याशा पोरानेही, एक तुकडा उचलला, उजव्या अंगाला ठेवला आणि त्यावर शिंपला पालथा घातला.

रत्नकळा सरकत पुढे आली.

त्या बेटावर कावळा नव्हता. कधीच नव्हता. ते जेवले, आणि जेवण झाल्यावर उठले नाहीत. हात तसेच ठेवून, त्या पालथ्या शिंपल्यांकडे बघत, गप्प बसून राहिले. कशाची वाट पाहतो आहोत हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. वाट मात्र पाहत होते. मग, कोणी आलं नाही असं पाहून, ते हळूहळू उठू लागले.

आपण कशावरून चालत आलो ते रत्नकळेला तेव्हा कळलं. तो सगळा किनारा, ती टेकडी, एकेक शिंपला. तिच्या नावचा एकेक घास झाकलेला. सोमू म्हातारा होऊन गेला, त्याची पोरं गेली, पोरांची पोरं गेली, बोली गेली, चेहरा गेला, हनुवटी गेली, आणि ताईचा घास राहिला.

"उठू नका!" ती हंबरडा फोडून म्हणाली. "बसा रे, मी आले आहे!" तिने जवळच्या पोराचा शिंपला उचलला, खालचा तुकडा तोंडात घातला आणि रडत रडत खाल्ला.

शीळ थांबली. सगळी जागच्या जागी थिजली. ते पोर रिकाम्या शिंपल्याकडे पाहत राहिलं. त्याने तिचा हात हुंगला. मग, जे त्या बेटावर कधी कोणी केलं नव्हतं ते त्याने केलं: तो रिकामा शिंपला उलटून उताणा ठेवला, आणि उठून खेळायला गेलं.

तिने तिसरी गाठ मारली. ती इतकी घट्ट बसली की पदर चुरगळला. पणती शेवटची फडफडली, तेव्हा तिचं एक पाऊल होडीत होतं.

भरल्या दरबारात ती राजापुढे उभी राहिली. पहिली गाठ सोडली, आणि कुंभारवाड्यातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. दुसरी सोडली, आणि जाईच्या साऱ्या कळ्या एकदम फुलल्या. गुहेत ओघनाथाचा दात पडला आणि त्याने ढसाढसा रडून देवाचे आभार मानले. तिसरी सोडली, आणि राजाची मिशी पांढरी झाली, पाठ वाकली, आणि हात थरथरू लागले.

"सोमू कुठे आहे?" राजाने विचारलं.

"म्हातारा होऊन गेला, बाबा. तुम्ही त्याला पाठवलंत, त्या आठवड्यातच."

 राजाने गादीवरून उठायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा तिनेच हात देऊन उतरवलं. मग त्या गादीवर ती बसली, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं. प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, त्या बेटावरची माणसं आपलीच. जहाजं पाठवून घेऊन येऊ."

"आपलीच आहेत," रत्नकळा म्हणाली, "पण इथली नाहीत. इथला उजेड त्यांचे डोळे जाळेल. तिकडे कोणीही जायचं नाही."

दही लागू लागलं. माणसं जन्मू लागली, मरू लागली, घडी बसली. राणीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांमधे कातडीचा पातळ पडदा तेवढा राहिला. ती तो झाकत नसे. जेवायला बसली की चित्राहुती घाली, मग उजव्या अंगाला एक घास काढी आणि त्यावर वाटी पालथी घाली. तिचं पाहून घरोघरी तशीच रीत पडली.

म्हाताऱ्या राजाला पुढे काही आठवेना. पान वाढलं की तो रोज शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाही आणि विचारी, "सोमू जेवला का गं?"

"जेवला, बाबा," ती म्हणे. "आधी माझा घास काढला, मग जेवला."

मग म्हातारा जेवे. जेवण झालं की दोघं हात तसेच उष्टे ठेवून थोडा वेळ बसून राहत. तिचा घास तिला पोचला, त्याचा त्याला पोचो, आणि ऐकणाऱ्याच्या पानात कधी उणं न पडो.